मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, यंदा मिसाईल अडकू द्या

प्रति,
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते, देखावे उभारणारे कारागीर आणि वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन जिने चढणारी पोरं,

स. न. वि. वि.

आषाढी झाली की तुमच्या बैठका सुरू होतात. यंदा देखावा कोणता, बजेट किती, मिरवणुकीला ढोल कुणाचे, यावर रात्री बारापर्यंत चहा चालतो. ते सगळं ठरून सुताराला ॲडव्हान्स जायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडावं, म्हणून घाईने लिहितोय.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्या देशप्रेमाची परीक्षा घ्यायला नको. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे घरटी एक फौजेत असतो, तसा मीही गेलो. ई.एम.ई.मध्ये, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती विभागात, 22 वर्षं टँक दुरुस्त केले. आधी विजयंता, मग टी-72. हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि पुण्यात पेठेत मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान टाकलं. गणपतीच्या दोन महिन्यांत ते दुकान देखाव्यांचं होतं. रावणाची मान फिरवायची असो, गारुड्याचा नाग डोलवायचा असो की महाराजांची तलवार वर न्यायची असो, या भागातलं बरंचसं हलतं काम माझ्या हातचं असतं. म्हणजे खरा टँकही मी हाताळलाय आणि प्लायवूडचाही. दोन्हींत बिघाड कुठे होतो, ते मला माहीत आहे.

गेल्या वर्षी, 2025 ला, ऑपरेशन सिंदूरचे देखावे बऱ्याच ठिकाणी होते. आमच्या शेजारच्या मंडळाचाही होता. नाव सांगत नाही, पोरं आपलीच आहेत. मागे रंगवलेला डोंगर, पुढे लाँचर, लाँचरवर साडेसात फुटी मिसाईल. प्लायची रेल, नायलॉनची दोरी, कप्पी आणि ट्रकच्या वायपरची मोटर. कॉमेंट्री एका भारदस्त आवाजात रेकॉर्ड करून आणलेली. पहिल्या दिवशी सगळं झकास झालं. मिसाईल सुटलं, धूर झाला, टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी पावसाने झोडपलं. प्लाय फुगली आणि मिसाईल अर्ध्या वाटेवर रुतलं. नुसतं रुतलं असतं तर बंद करून ताडपत्री टाकली असती. पण मोटर ओढत राहिली, दोरी घसरत राहिली आणि ते साडेसात फुटी अस्त्र उचकी लागल्यासारखं जागच्या जागी वर-खाली व्हायला लागलं. धुराचं मशीन धूर सोडतंय, लाल दिवे लागताहेत, स्पीकरवर आवाज घुमतोय, "शत्रूच्या उरात धडकी भरवणारे हे अस्त्र..." आणि अस्त्र उचक्या देतंय. गर्दीतून एक आजी म्हणाल्या, "अरे, त्याला कुणीतरी पाणी द्या रे!"

मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. तिसऱ्या दिवशी लोक पाहुण्यांना घेऊन आले. चौथ्या दिवशी तर दुसऱ्या पेठेतून. प्रत्येक शोला लोक श्वास रोखून बघायचे, आज अडकतं की सुटतं. पाचव्या दिवशी उघडीप पडली. मी रेल तासली, मेण चोळलं, मिसाईल सरळ सुटायला लागलं. लोक आले, टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या मंडळाकडे निघून गेले. रात्री कोषाध्यक्ष माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, परत अडकवता येईल का?"

मला जमलं नाही. 22 वर्षं अडकलेलं सोडवायला शिकलो होतो, अडकवायला कुणी शिकवलंच नव्हतं.

तो प्रश्न मात्र वर्षभर डोक्यात राहिला. लोक हसले ते जवानावर हसले का? नाही. देशावर? तेही नाही. ते हसले त्या भारदस्त आवाजावर. यंत्राला जे रुबाबदार रूप आपण देतो, ते गळून पडल्यावर उघडं पडलेलं लोखंड आणि प्लाय बघून हसले. आणि हसणारा माणूस मांडवासमोर थांबला. टाळ्या वाजवणारा थांबला नव्हता.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, जगात लोकांनी हे मुद्दाम केलंय." मग तिने एकेक करून मोबाइलवर दाखवलं.

चेकोस्लोव्हाकियातल्या प्राग शहरात 1945 पासून एका चौकात चौथऱ्यावर सोव्हिएत रणगाडा उभा होता. आय.एस.-2 जातीचा, नंबर 23. हिटलरच्या फौजांना हटवायला आलेल्या टँकवाल्यांची आठवण म्हणून तो बसवलेला. पुढे 1968 च्या ऑगस्टमध्ये त्याच देशाचे टँक पुन्हा आले, या खेपेला प्रागच्याच लोकांना गप्प बसवायला. चौथऱ्यावरचं लोखंड तेच राहिलं, पण बघणाऱ्याला ते दुसरंच दिसायला लागलं. 1991 च्या एप्रिलमध्ये दाविद चेर्नी नावाच्या कलेच्या विद्यार्थ्याने मित्र गोळा करून रातोरात तो टँक गुलाबी रंगवला आणि टपावर एक बोट उभं केलं. कोणतं बोट ते लिहीत नाही, पत्र बाप्पाच्या मांडवासाठी आहे.

पुढची गंमत तर आपल्या बतावणीत शोभेल. चेर्नीला हुल्लडबाजीच्या कलमाखाली पकडलं. सोव्हिएत सरकारने निषेध केला. सैन्याने टँक पुन्हा हिरवा रंगवला. मग तिथले 15 खासदार हातात ब्रश घेऊन आले आणि त्यांनी तो पुन्हा गुलाबी केला. खासदारांना अटकेपासून संरक्षण असतं, त्याचा असा उपयोग मी पहिल्यांदाच ऐकला. शेवटी टँक चौकातून हलवला. आता तो प्रागबाहेर लेशानी गावच्या लष्करी संग्रहालयात आहे आणि अजून गुलाबीच आहे. सोव्हिएत फौजांचा शेवटचा माणूस 1991 च्या जूनमध्ये देश सोडून गेला. त्याला 20 वर्षं झाली तेव्हा हा गुलाबी टँक एका तराफ्यावर चढवून व्ल्तावा नदीत मिरवला. म्हणजे एका अर्थी त्याची पाण्यातली मिरवणूकही झाली.

आय.एस.-2 चं वजन 46 टन, तोफ 122 मिलिमीटरची. जर्मन तोफगोळे अंगावर झेलायला बनवलेलं धूड. मिस्त्री म्हणून सांगतो, अशा यंत्राला नामोहरम करायला काय काय लागतं याचे आम्हाला धडे असायचे. त्यात रंगाच्या डब्यांचा उल्लेख नव्हता.

तरी एक गोष्ट मला बोचते. 1945 ला टँकमधून आलेली पोरं खरोखरच शहर सोडवायला आली होती आणि त्यातली काही परत गेली नाहीत. त्यांच्या आयांना तो गुलाबी रंग कसा वाटला असेल? तोफेवर हसताना तोफेमागच्या माणसावर शिंतोडे उडाले, तर मजा जाते. म्हणून प्रागपेक्षा मला कोपनहेगनची गोष्ट जास्त आवडली.

2006 चा एप्रिल. इराकच्या युद्धात डेन्मार्कही सामील होता. मारियाने यॉर्गेनसन या कलाकार बाईंनी दुसऱ्या महायुद्धातला एक एम-24 शॅफी टँक मिळवला आणि त्याला लोकरीचं पांघरूण घातलं. गुलाबी लोकर, 15 सेंटिमीटरचे चौकोन, काही सुयांवर विणलेले, काही क्रोशाचे. असे 4000 हून जास्त चौकोन डेन्मार्कमधून, इंग्लंडमधून, अमेरिकेतून आणि आणखी कुठून कुठून बायकांनी आणि काही पुरुषांनी विणून पाठवले. सगळे जोडून टँक नखशिखान्त झाकला. आणि तोफेच्या नळीच्या टोकाला लावला गोंडा. आपण बाळाच्या टोपड्याला लावतो, तसा गुबगुबीत गोंडा.

हा फोटो मी बायकोला दाखवला. तिने चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "चौकोनाची वीण एकसारखी नाहीये, प्रत्येकीचा हात वेगळा आहे." मग हिशोब केला. एक चौकोन म्हणजे घरकाम उरकून एका संध्याकाळचं काम. 4000 चौकोन म्हणजे 4000 संध्याकाळी. "एवढ्या संध्याकाळी बायकांनी युद्ध नको म्हणून दिल्या," ती म्हणाली, "आणि तुमची मंडळं आम्हाला अथर्वशीर्षाला बोलावतात, तेवढंच." हे वाक्य तिने मंडळांच्या अध्यक्षांपर्यंत पोहोचवायला सांगितलं होतं, ते पोहोचवलं.

इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन इथल्या बायकांबद्दल थोडक्यात सांगतो. तिथल्या हवाई तळावर अमेरिकेची 96 क्रूझ क्षेपणास्त्रं यायची होती, अणुबॉम्ब वाहणारी. बायकांनी तळाबाहेर तंबू ठोकले. 1982 च्या डिसेंबरमध्ये 30 हजार बायकांनी हात धरून अख्ख्या तळाला वेढा घातला आणि काटेरी तारांवर तान्ह्या मुलांचे कपडे, खेळणी, घरचे फोटो अडकवले. पुढच्या वर्षी 1 एप्रिलला सुमारे 200 बायका टेडी बेअरच्या वेशात कुंपणावरून उड्या मारून आत गेल्या, वनभोजनाला! आता विचार करा, पहाऱ्यावरच्या शिपायाने काय करायचं? मी पहारे दिलेत. घुसखोर दिसला तर काय करायचं हे पाठ असतं. घुसखोर अस्वल असेल आणि हातात डबा असेल, तर काय करायचं हे कुठल्याच आदेशात नसतं. अस्वलांमुळे क्षेपणास्त्रं गेली असं मी म्हणणार नाही. अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव्ह यांचा अशी क्षेपणास्त्रं मोडीत काढायचा 1987 चा करार झाला, म्हणून ती 1991 पर्यंत परत गेली. पण त्या तळाचं नाव आज घेतलं, तर लोकांना क्षेपणास्त्रं आठवत नाहीत, बायका आठवतात.

पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात वेगळी तऱ्हा झाली. 1981 च्या डिसेंबरमध्ये लष्करी कायदा लागू झाला. रस्त्यांवर टँक. लोक रात्री भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहायचे, सकाळी शिपाई त्यावर रंगाचे पट्टे ओढायचे. वाल्देमार फिद्रिख, टोपणनाव 'मेजर', याने त्या पट्ट्यांवर गोष्टीतले बुटके काढायला सुरुवात केली. डोक्यावर टोपी, हातात फूल. घोषणा पुसली तर ठीक, पण बुटका पुसणारा शिपाई कसा दिसतो? 1 जून 1988 ला बुटक्यांच्या टोप्या घालून 10 हजारांवर माणसं रस्त्यात नाचली. पोलिसांनी बुटक्यांना गाडीत घातलं. ठाण्यातल्या डायरीत काय नोंद केली असेल, याचा विचार करून मी अजून हसतो. आज त्या शहरात गल्लोगल्ली ब्राँझचे बुटके बसवलेत आणि ते बघायला जगभरातून पर्यटक जातात.

आणखीही आहेत. अर्जेंटिनात राउल लेमेसॉफ याने 1979 च्या फोर्ड फाल्कन गाडीचा टँक केला, चिलखताच्या जागी 900 पुस्तकं, आणि तो रस्त्यावर ती फुकट वाटत फिरला. फाल्कनच का? कारण हुकूमशाहीच्या काळात माणसं उचलून न्यायला याच गाड्या यायच्या. मेक्सिकोत पेद्रो रेयेस याने लोकांकडून 1527 बंदुका गोळा केल्या, वितळवून तेवढीच फावडी केली आणि प्रत्येक फावड्याने एक झाड लावायचं ठरवलं. फावडी ही तशी हसण्याची गोष्ट नाही, पण बंदूक देऊन त्याबदली घरगुती वस्तूंचं कूपन घेणाऱ्या गुंडाचा चेहरा मला बघायला आवडला असता.

आता तुम्ही म्हणाल, मामा, हे गोऱ्यांचं झालं, आपल्याकडे कुठे चालतं? आपल्याकडेच तर चालतं. गणपतीच्या मेळ्यांनी, म्हणजे गाणाऱ्या पथकांनी, पदं म्हणून इंग्रज सरकारला एवढं बेजार केलं होतं की राजद्रोहाच्या चौकशीसाठी नेमलेल्या रौलट समितीच्या 1918 च्या अहवालात त्यांची दखल आहे. कोकणात दशावतारात संकासूर येतो. काळा झगा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. आधी पोरं किंचाळतात, मग तो मालवणीत असं काही बोलतो की तीच पोरं पोट धरून हसतात. वेद चोरणाऱ्या राक्षसाला विष्णू मारतो ते नंतर, त्याआधी प्रेक्षकांनी त्याची भीती खाऊन टाकलेली असते. गोव्यात दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतात, त्याआधी रात्रभर त्याचे हात-पाय-डोळे हलवण्याची चुरस असते (तिथल्या पोरांची यंत्रं आपल्यापेक्षा सरस आहेत, हे मी खालच्या आवाजात मान्य करतो). आणि नागपूरची मारबत तर तुमच्या देखाव्याची सख्खी बहीण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे निघतात, सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" सव्वाशे वर्षांहून जुनी चाल. नागपूरकरांनो, तुम्हालाही हे पत्र लागू आहे. अणुबॉम्बचा एक पोट सुटलेला, दाराबाहेर निघेना असा बडग्या करून बघा.

कशावर हसायचं, याला विषय कमी नाहीत. अटारी-वाघा सीमेचंच घ्या. 2017 च्या मार्चमध्ये आपण अटारीला 360 फुटी ध्वजस्तंभ उभारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पलीकडे 400 फुटी उभा राहिला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपला 418 फुटी झाला. आता हीच चढाओढ दहीहंडीच्या थरांसारखी लावून बघा. फरक इतकाच की गोविंदा वर पोचला तर हंडी तरी फुटते.

या देखाव्यात झेंडे आणायचे नाहीत. तिरंगा नाही, त्यांचाही नाही. झेंड्यावर कुणी हसू नये आणि आपल्याला परवानगीही मिळणार नाही. म्हणून मी दुसरा घाट घातलाय. दोन वाडे, मध्ये एक पडवीएवढी बोळ. दोन शेजारी, अण्णा आणि तात्या. दोघांच्या माडीवर आकाशकंदिलाची काठी. अण्णांनी काठी फूटभर वर चढवली की तात्या दीड फूट चढवणार. प्रत्येक वेळी काठी वाढवायला पैसे लागतात, म्हणून घरातलं एक एक कमी होणार. आधी छपराचं कौल, मग पोराचं दप्तर, मग आजीच्या औषधाची बाटली, मग चुलीवरचं पातेलं. वर कंदील झगमगतोय, खाली घरात अंधार. शेवटी काठ्या इतक्या उंच होतात की वाऱ्याने वाकतात आणि दोघांचे कंदील एकमेकांत गुंततात. अण्णा ओढतात तर तात्यांची काठी हलते, तात्या ओढतात तर अण्णांची. आणि मग दोन्ही काठ्यांना लागते उचकी.

कॉमेंट्री तीच गेल्या वर्षीच्या भारदस्त आवाजाची हवी. त्यात बदल नको, गंमत तिथेच आहे.

दुसरा देखावा लहान मंडळासाठी, कमी बजेटचा. अमेरिकेत आइस्क्रीमवाले बेन कोहेन यांनी बिस्किटांच्या ढिगाने सरकारी खर्च समजावून सांगितला होता, एक बिस्कीट म्हणजे 10 अब्ज डॉलर. आपण मोदक घेऊ. एक मोदक म्हणजे 10 हजार कोटी रुपये. 2025-26 च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात संरक्षणाला 6 लाख 81 हजार कोटी, म्हणजे 68 मोदक. शिक्षणाला 1 लाख 28 हजार कोटी, म्हणजे 13 मोदकांना थोडे कमी. आरोग्याला 10. मध्ये उंदीरमामा बसवा, एकदा या ढिगाकडे बघतील, एकदा त्या.

पण इथे लबाडी करू नका. त्या 68 मोदकांतले 16 पेन्शनचे आहेत आणि त्यातला एक कण दर महिन्याला माझ्या खात्यात येतो, त्यावर हसलात तर मी मोटर देणार नाही. शिवाय शाळा आणि दवाखाने मुख्यतः राज्याच्या पैशाने चालतात, तेव्हा केंद्राचे आकडे शेजारी ठेवताना तेही पाटीवर लिहायला हवं. म्हणून मी म्हणतो, मुख्यतः नवीन शस्त्रं-सामग्रीवर होणाऱ्या भांडवली खर्चाचाच आकडा धरा. तो त्या वर्षी 1 लाख 80 हजार कोटींचा होता. रिक्षाचा मोठा मीटर करा आणि त्यावर हा खर्च पळवा. सेकंदाला 57 हजार रुपये. दर्शनाच्या रांगेत माणूस 10 मिनिटं उभा राहिला, तर तेवढ्यात मीटर सव्वातीन कोटींच्या पुढे जातो. मागे पाटी लावा: "हाफ रिटर्न वेगळं पडेल."

आणि हे फक्त आपलंच नाही, हेही दाखवा, नाहीतर तोही अन्यायच. सगळ्या जगाने मिळून 2024 मध्ये लष्करावर 2718 अब्ज डॉलर खर्च केले, असं स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेचा हिशोब सांगतो. त्यात अमेरिकेचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त. 2025 च्या सुरुवातीला जगात 12 हजारांवर अण्वस्त्रं होती. आपली अंदाजे 180, पाकिस्तानची 170. दहा जास्त आहेत म्हणून आपण जिंकलो, असं म्हणणारा एक हिशोबनीस देखाव्यात असलाच पाहिजे. त्याच्या हातात पाटी-पेन्सिल द्या आणि त्याला उभं राहायला जागा ठेवू नका.

आता मुख्य हरकत. "मामा, पहलगाम विसरलात का?" नाही विसरलो. 22 एप्रिल 2025 ला तिथे 26 माणसं मारली गेली, त्यातली 6 आपल्या महाराष्ट्राची. त्यांच्यावर, त्यांच्या घरच्यांवर, सीमेवर उभ्या असलेल्या पोरांवर देखाव्यात चकार शब्द नको. फौज नको असंही मी म्हणत नाही. चोर येतात तोवर दाराला कडी लागणारच. पण कडी लावणं वेगळं आणि शेजाऱ्याने दोन कड्या लावल्या म्हणून आपण चार लावून, त्याची वरात काढून, त्यावर फटाके वाजवणं वेगळं. टी-72 च्या आत तीन माणसं बसतात, गुडघे छातीशी घेऊन. राजस्थानात मे महिन्यात त्या पत्र्याला हात लावला तर फोड येतो. आत बसलेल्या एकाही माणसाला मी 'युद्ध व्हायला पाहिजे' असं म्हणताना ऐकलं नाही. हे वाक्य मी ऐकलं ते मांडवात, वडापाव खाताना.

खरं सांगायचं तर मिसाईलचा देखावा करणं सोपं आहे. भीती आणि अभिमान दोन्ही तयार मिळतात, स्पीकर मोठा केला की झालं. हसवायला अक्कल लागते, वेळ साधावा लागतो. उचकी अर्धा सेकंद उशिरा आली तर कुणी हसत नाही. म्हणून तर मी तुमच्याकडे आलोय, कलाकारांच्या अकादमीकडे नाही गेलो. रात्र-रात्र जागून दहा दिवसांसाठी महाल उभारायचा आणि अकराव्या दिवशी डोळे पुसत मोडायचा, हे दुसरं कोण करतं?

जाता जाता एक गोष्ट, मला सगळ्यात जास्त आवडलेली. ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामध्ये हान्स नावाचं एक उजाड बेट आहे, सव्वा चौरस किलोमीटरचा खडक. डेन्मार्क म्हणे आमचं, कॅनडा म्हणे आमचं. 1984 मध्ये डेन्मार्कचे एक मंत्री तिथे गेले, झेंडा लावला आणि शेजारी दारूची बाटली ठेवून आले. मग कॅनडावाले गेले की त्यांचा झेंडा आणि त्यांची व्हिस्की. असं वर्षानुवर्षं चाललं. 14 जून 2022 ला दोघांनी बेट वाटून घेतलं, अर्धं तुझं, अर्धं माझं. आपल्या सीमा इतक्या सोप्या नाहीत, तिथे माणसं राहतात आणि माणसं मेली आहेत, हे मला कळतं. तरी अण्णा-तात्यांच्या देखाव्यात शेवटी बोळीत एक ताट ठेवायला काय हरकत आहे? बाटलीऐवजी उकडीचे मोदक. कुणी ठेवलं ते सांगायचं नाही.

आता कामाचं. थर्माकोल वापरू नका, बंदी आहे. प्लाय मरीन घ्या, साधी घेऊ नका, पैसे वाचवायला गेलात तर पहिल्या पावसात फुगेल. पोलिसांच्या परवानगीसाठी संहिता आधी द्यावी लागेल, ती मी मुलीकडून टाइप करून ठेवली आहे. तात्यांची टोपी आणि अण्णांचं उपरणं एकाच रंगाचं ठेवा, नाहीतर लोक 'कोण आपला' शोधत बसतील. बायकोने दोन्ही काठ्यांच्या टोकाला लावायला लोकरीचे गोंडे करून दिलेत, ते नाकारायचे नाहीत.

आणि रेलचं म्हणाल, तर त्यावर मी हिवाळाभर बसलो होतो. सायकलच्या चेनचं चाक, त्याच्या कॅमला एका बाजूने तिरकी खाच, आणि खाचेत रबराचा तुकडा. काठी वर जाते, खाचेत येते, मोटर ओढते, रबर सोडतं, पुन्हा खाच. दर खेपेला, ठरलेल्या जागी, पाऊस असो की नसो, हमखास अडकतं. वायपरच्या दोन मोटरी दुकानात तयार आहेत, मजुरी नको. बघायला या. येताना त्या कोषाध्यक्षालाही घेऊन या. त्याने विचारलं होतं, परत अडकवता येईल का. येतं म्हणावं.

आपला,
मोटरवाले मामा
(निवृत्त हवालदार, ई.एम.ई.)